पालथा पेला आणि कोडवरचा विश्वास

ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. रेकॉर्डिंग चालू असताना आमच्या गल्लीत ढोल पथकाचा सराव होता, त्यामुळे मधली काही वाक्यं ऐकूच येत नाहीत अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. ती इथे नीट लिहिली आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय लेसर फ्यूजनचा इतिहास, पण वीजनिर्मितीच्या बाजूनं नाही, कॉम्प्युटरच्या बाजूनं. मी पोटापाण्यासाठी नाशिकमध्ये बसून कोड लिहितो, भौतिकशास्त्रज्ञ नाही. तरी या इतिहासातला एक प्रश्न मला सारखा टोचतो. ज्या गोष्टीचा प्रयोग फार क्वचित करता येतो, किंवा करताच येत नाही, तिथे कोडनं दिलेल्या उत्तरावर किती विसंबायचं? हा प्रश्न कॅलिफोर्नियात जेवढा गाजला, तेवढाच आपल्याकडे ट्रॉम्बेच्या संदर्भातही गाजला. आणि एकदा, अगदी किरकोळ प्रमाणात, माझ्या बीटेकच्या तोंडी परीक्षेत माझ्यासमोर उभा राहिला. तिथे मी काय केलं ते नंतर सांगतो, कारण ते सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागणार आहे.

सुरुवात शाळेतल्या प्रयोगापासून. पेला काठोकाठ पाण्यानं भरायचा, वर पुठ्ठा ठेवायचा, पेला पालथा करायचा आणि हात सोडायचा. पुठ्ठा पडत नाही, पाणी सांडत नाही. बाई सांगतात, हा हवेचा दाब. बरोबरच आहे. हवेचा दाब जवळजवळ दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो, आपला पेला तर वीतभरसुद्धा नसतो. पण मग पुठ्ठा काढल्यावर पाणी का पडतं? हवेचा दाब तर तेवढाच आहे! हा प्रश्न माझ्या वर्गात कोणी विचारला नाही, मीही नाही.

उत्तर असं, की पाण्याचा खालचा पृष्ठभाग अगदी सपाट राहिला असता तर पाणी पडलं नसतं. पण तो तसा कधीच नसतो. कुठेतरी केसभर खाली झुकलेला असतो, कुठेतरी केसभर वर. जिथे झुकलाय तिथे पाणी आणखी खाली येतं, जिथे वर आहे तिथे हवा आत घुसते. ही वाढ सरळ व्याजानं नाही, चक्रवाढ व्याजानं होते. क्षणभरात खाली बोटं लोंबतात, वर बुडबुडे चढतात, आणि फरशी ओली. पुठ्ठा पाण्याला धरून ठेवत नव्हता, तो फक्त पृष्ठभागाला सपाट ठेवत होता.

जड द्रव वर आणि हलका खाली असला की काय होतं, याचं गणित लॉर्ड रेले यांनी १८८३ मध्ये मांडलं. पुढे १९५० मध्ये जेफ्री टेलर या इंग्रज गणितज्ञानं एक पाऊल पुढे टाकलं. वर-खाली असण्याचा प्रश्नच नाही, तो म्हणाला. हलका पदार्थ जड पदार्थाला ढकलून वेग देत असेल, तर तिथेही तेच होणार. गुरुत्वाकर्षणाची जागा त्वरण घेतं. म्हणून हिचं नाव रेले-टेलर अस्थिरता. टेलर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस अलामोसला जाऊन आले होते, आणि गोळा आतल्या बाजूला दाबताना ही अस्थिरता घात करू शकते याची काळजी तिथल्या लोकांना तेव्हापासूनच होती. आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जाता जाता: या विषयाचं सविस्तर गणित ज्या ग्रंथात एकत्र सापडतं, तो १९६१ चा ग्रंथ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा. ताऱ्यांवाले चंद्रशेखर तेच हे.

आता फ्यूजनकडे येतो. कल्पना सोपी आहे. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन जड भावंडं. त्यांची केंद्रकं एकमेकांत मिसळली की प्रचंड ऊर्जा सुटते. मिसळायला मात्र त्यांना भयंकर तापवावं आणि दाबावं लागतं. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेतली आजची पद्धत अशी: साधारण दोन मिलिमीटर व्यासाची पोकळ गोळी, तिच्या आतल्या बाजूला या इंधनाच्या बर्फाचा पातळ थर. ती बोटाच्या पेराएवढ्या सोन्याच्या डबीत टांगायची. लेसर डबीच्या भिंतींवर मारायचे, भिंतीतून एक्स-रे निघतात, ते गोळीचं बाहेरचं कवच जाळतात. जळालेला भाग बाहेर उडतो, आणि रॉकेटसारखा उरलेल्या कवचाला आत ढकलतो. कवच सेकंदाला साडेतीनशे किलोमीटरहून जास्त वेगानं आत धावतं. नाशिक ते मुंबई अर्ध्या सेकंदात. (कसारा घाटातल्या ट्रॅफिकमध्ये अडकून हा भाग ऐकणाऱ्यांची मी माफी मागतो.)

पण पालथा पेला आठवा. इथे जळालेला, विरळ, हलका वायू दाट कवचाला ढकलतोय. म्हणजे टेलरनं सांगितलेली परिस्थिती, जशीच्या तशी. कवचावर कुठेही जरासा उंचवटा असेल तर तो चक्रवाढीनं वाढणार. शेवटी गोळीची त्रिज्या तिसाव्या हिश्श्यापर्यंत खाली यायला हवी. नारळाएवढा गोळा चहूबाजूंनी दाबून ज्वारीच्या दाण्याएवढा करायचा, आणि तोही गोलच राहायला हवा. वाटेत एखादं बोट कवच फोडून मधल्या तापलेल्या भागात शिरलं, की तो भाग थंड पडतो आणि इंधन पेटत नाही.

या कामात कॉम्प्युटर पहिल्यापासून आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये जॉन नकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक लेख लिहिला. लेसरनं हायड्रोजन द्रवाच्या दहा हजार पटीहून जास्त दाट करता येईल, असं त्यात होतं. आणि पेटवायला जेवढी लागेल तेवढीच ऊर्जा परत मिळवायला लेसर किती मोठा हवा, तर साधारण एक किलोज्यूलचा. हा आकडा आला होता कॉम्प्युटरच्या गणितातून. सहलेखकांपैकी जॉर्ज झिमरमन यांनीच लासनेक्स नावाचा कोड लिहिला, जो पुढे कित्येक दशकं या क्षेत्राचा कणा होता. आज आपल्याला माहीत आहे की लागले दोन हजार किलोज्यूल. अंदाज दोन हजार पटीनं चुकला, असं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल, कारण त्या लेखात सगळंच आदर्श धरलं होतं. पण चूक कोणत्या दिशेनं झाली ते लक्षात ठेवा. कोड आशावादी होता.

मग मोठे लेसर आले. १९७७ मध्ये लिव्हरमोरला उभ्या राहिलेल्या लेसरचं नाव होतं शिवा. वीस किरण, म्हणून अनेक हातांच्या देवाचं नाव. त्र्यंबकेश्वरपासून तीस किलोमीटरवर राहणारा माणूस म्हणून मला एवढंच म्हणायचंय, की वीस हात म्हटल्यावर आपल्याला शंकर नाही, रावण आठवतो. असो. शिवानं दाखवून दिलं की अवरक्त प्रकाश वापरला तर अतिवेगवान इलेक्ट्रॉन तयार होतात आणि ते इंधनाला वेळेआधीच तापवतात. तापलेलं इंधन दबत नाही. म्हणून १९८४ च्या नोव्हा लेसरमध्ये प्रकाश अतिनील करून घेतला. दर वेळी प्रयोग काहीतरी असं दाखवत होता, जे आधी कोडमध्ये नव्हतं.

आता थोडं घराकडे. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. अध्यक्ष होते होमी भाभा. त्यांनी भर सभेत भाकीत केलं की येत्या दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा काबूत आणायची पद्धत सापडेल. तोवर या विषयावर बडी राष्ट्रं तोंड उघडत नव्हती. त्याच सुमारास भाभांच्या टीआयएफआरमध्ये रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मुलांची एक तुकडी स्वतःचा कॉम्प्युटर बांधत होती. १९६० मध्ये तो पूर्ण झाला. टिफ्रॅक. त्याची स्मृती होती चाळीस बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे सगळी मिळून दहा केबी. आज काकू लोकांच्या ग्रुपवर येणाऱ्या सुप्रभातच्या एका फोटोत यापेक्षा जास्त माल असतो. पण सुरुवात तिथून आहे. लेसरची बाजू बीएआरसीत वाढली. तिथे १९६७ पासून काम करणारे दिलीप भवाळकर, मूळचे मध्य प्रदेशातल्या सागरचे, पुढे इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे संस्थापक संचालक झाले. मोठ्या लेसरचं आणि लेसर-प्लाझ्माचं आपल्याकडचं बरंच काम त्या केंद्रात आणि मुंबईत झालं.

कॉम्प्युटरच्या इतिहासातला पुढचा किस्सा बहुतेकांना अर्धा माहीत असतो. १९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारतानं अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला. हवा होता तेवढा ताकदवान मिळाला नाही, लहान मिळाला, आणि तोही अटींवर. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. ही अभिमानाची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पण अमेरिकेला मान्सूनची भीती वाटण्याचं कारण काय? उरलेला अर्धा किस्सा तो आहे. ढगाची हालचाल आणि दाबल्या जाणाऱ्या गोळ्याची हालचाल, दोन्हींच्या मुळाशी द्रवगतिकीची तीच समीकरणं आहेत. पदार्थाचे गुणधर्म वेगळे, वेग वेगळे, किरणांचा हिशोब वेगळा, पण सांगाडा एकच. मान्सून सोडवणारं मशीन दुसरं काय सोडवू शकतं, हे देणाऱ्याला नीट ठाऊक होतं. ट्रॉम्बेलाही ठाऊक होतं. बीएआरसीनं त्याच सुमारास अनुपम ही स्वतःची समांतर संगणकांची मालिका बांधायला घेतली.

इथे कोड आतून कसा चालतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोप्यात सोपं सांगतो. जागेची चौकटी-चौकटींची जाळी करायची. प्रत्येक चौकटीत घनता, वेग, दाब, तापमान असे आकडे ठेवायचे. मग काळ पुढे ढकलायचा, अगदी थोडा, आणि कोणत्या चौकटीतून शेजारच्या चौकटीत किती माल गेला ते मोजायचं. पुन्हा. पुन्हा. लाखो वेळा.

आता यातली मेख. चौकटीपेक्षा लहान गोष्ट कोडला दिसतच नाही. आणि चौकटी अर्ध्या आकाराच्या करायच्या म्हटलं तर त्रिमितीत त्यांची संख्या आठपट होते, शिवाय काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं. म्हणजे काम सोळापट. म्हणून वर्षानुवर्षं बहुतेक गणितं एका किंवा दोन मितींत चालायची, जणू गोळीवरचे सगळे डाग अक्षाभोवती फिरणाऱ्या कड्याच आहेत. काही कोडमध्ये जाळी द्रवाबरोबर वाहते. ते छान असतं, पण अस्थिरतेनं वेटोळी घातली की जाळीचाच गुंता होतो, आणि कोड थांबतो. मग मधूनमधून जाळी विंचरून सरळ करावी लागते. प्रत्येक वेळी विंचरताना बारीक तपशील थोडे पुसले जातात. जाळी जागीच ठेवली, तरी माल शेजारी सरकवताना कडा थोड्या विरघळतात. याला अंकीय विसरण म्हणतात. हे विसरण अस्थिरतेची नेमकी लहान लहान बोटं गिळतं. ज्या गोष्टीपासून कोडनं सावध करायचं, तीच तो स्वतः मिटवून टाकू शकतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझा बीटेकचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रेले-टेलर अस्थिरतेवरच होता. द्विमितीत, साधा, वर जड द्रव, खाली हलका, मध्ये एक सुबक लाट. १२८ गुणिले १२८ च्या जाळीवर काय सुंदर छत्री उमलली! अळिंबीसारखी, दोन्हीकडे वेटोळी, अगदी सममित. वाढीचा वेगही सूत्राशी जुळला. रिपोर्टच्या मुखपृष्ठावर तेच चित्र. सबमिशनच्या आठवडाभर आधी, लॅपटॉप मोकळा होता म्हणून, जाळी चौपट बारीक करून रात्रभर चालवला. सकाळी बघतो तर एका छत्रीच्या जागी डझनभर लहान छत्र्या, एकमेकींत घुसलेल्या, सममितीचा पत्ता नाही. मी टाकलेल्या लाटेखेरीज त्यांचं बीज कुठून आलं? माझ्याच गणिताच्या गोळाबेरजेतल्या चुकांतून आणि जाळीच्या चौकोनीपणातून. म्हणजे आधीचं सुंदर चित्र खरं नव्हतं, आणि हेही खरं नव्हतं. खरं काय ते ठरवायला वेळ नव्हता.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी चित्र पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, "जाळी बारीक केली तर उत्तर बदलतं का?" मी म्हणालो, "नाही सर."

मार्क चांगले पडले. तो दुसरा आलेख मी रिपोर्टमध्ये टाकला नाही, डिलीटही केला नाही. एवढंच.

आता २००९ मध्ये या. लिव्हरमोरला नॅशनल इग्निशन फॅसिलिटी पूर्ण झाली. काम १९९७ मध्ये सुरू झालं होतं. १९२ किरण, खर्च सुमारे साडेतीन अब्ज डॉलर. मग ठरावीक मुदतीची मोहीम आखली: सप्टेंबर २०१२ अखेर इंधन पेटवून दाखवायचं. त्या वेळच्या सर्वोत्तम कोडप्रमाणे ते पेटायला हवं होतं. हे कोड माझ्या प्रोजेक्टसारखे नव्हते. शेकडो माणसांची दशकांची मेहनत, जगातले सगळ्यात मोठे संगणक, त्रिमितीतला हायड्रा नावाचा कोडसुद्धा होता. कवचाच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा नॅनोमीटरमध्ये मोजून कोडमध्ये भरला होता.

मुदत संपली, इंधन पेटलं नाही. मिळालेली ऊर्जा मेगाज्यूलमध्ये हवी होती, ती काही किलोज्यूलवर अडकली. न्यूट्रॉनची संख्या कोडच्या अंदाजापेक्षा कित्येक प्रयोगांत तीन ते दहा पटींनी कमी.

काय निसटलं होतं? कारणं बरीच होती. डबीतल्या किरणांचा समतोल हे एक मोठं. पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते तंबूचं प्रकरण. गोळी डबीत टांगायची कशी? दोन बाजूंनी अतिशय पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यात धरून. जाडी केसाच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढी. तिला ते तंबू म्हणतात. एवढ्या पातळ पडद्याचा काय परिणाम होणार, असा अंदाज होता. २०१२ नंतर मुद्दाम त्यासाठी प्रयोग करून आत धावणाऱ्या कवचाची एक्स-रे चित्रं काढली, तेव्हा दिसलं की जिथे पडदा गोळीपासून सुटतो तिथे कवचावर एक वण उमटतो आणि तो अपेक्षेपेक्षा कितीतरी खोल जातो. अस्थिरतेला बीज मिळालं होतं, ते गोळीच्या पृष्ठभागावरून नाही, तिला धरणाऱ्या हातांवरून. इंधन आत भरायची केसाहून बारीक नळीही अशीच नडली.

समीकरणं चुकीची नव्हती. अस्थिरतेचं सूत्र १८८३ पासून ठाऊक होतं. चुकलं ते सुरुवातीच्या उंचवट्यांच्या यादीत. यादीत जे नव्हतं, ते चक्रवाढीनं वाढलं. मला हे वाचताना रोजच्या कामातली एक गोष्ट आठवते. प्रॉडक्शनमध्ये कोसळलेल्या सिस्टिमच्या नव्वद टक्के चौकशांचा शेवट 'असं काही असेल असं वाटलं नव्हतं' याच वाक्यानं होतो. (नव्वद हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, संशोधनाचा नाही.)

पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण ते शहाणपणाचं आहे. ओमर हरिकेन यांच्या गटानं लेसरचा पहिला धक्का मुद्दाम जोरदार केला. त्यामुळे कवच थोडं आधीच तापतं, कमी दबतं, कागदावर उत्तर वाईट दिसतं. पण अस्थिरतेची वाढ मंदावते. आदर्श गणितात कमी गुण, प्रत्यक्षात जास्त. २०१४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की इंधनात जेवढी ऊर्जा गेली त्यापेक्षा जास्त त्यातून निघाली. मग प्लॅस्टिकऐवजी कृत्रिम हिऱ्याची कवचं आली, भरणनळ्या आणखी बारीक झाल्या. ८ ऑगस्ट २०२१ ला १.३ मेगाज्यूलहून अधिक. आणि ५ डिसेंबर २०२२ ला लेसरचे २.०५ मेगाज्यूल आत, फ्यूजनचे ३.१५ बाहेर. (लेसर चालवायला भिंतीतून खेचलेले तीनशेच्या आसपास मेगाज्यूल यात धरलेले नाहीत. वीजबिल भरणाऱ्यांनी पेढे वाटायची घाई करू नये.) या प्रयोगाआधी सिम्युलेशन आणि जुन्या प्रयोगांची मोजमापं एकत्र शिकवलेल्या एका मॉडेलनं पेटण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या वर सांगितली होती. हे मॉडेल 'पेटेल' असं म्हणत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी कोडच्या तोंडी 'पेटेल' होतं. हा फरक मला खरा पल्ला वाटतो.

आता अवघड भाग. लिव्हरमोरची ही सोय मुळात विजेसाठी बांधलेलीच नाही. अमेरिकेनं शेवटची अणुचाचणी सप्टेंबर १९९२ मध्ये केली. त्यानंतर चाचणीशिवाय शस्त्रसाठ्यावर भरवसा कसा ठेवायचा, त्या कार्यक्रमाचा ती भाग आहे. कोड तपासायला एक जागा हवी होती.

आपल्याकडे ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणला चाचण्या झाल्या. १३ तारखेच्या सरकारी निवेदनातच होतं, की या चाचण्यांमधून कॉम्प्युटर सिम्युलेशन सुधारण्यासाठी माहिती मिळवायची होती. त्यानंतर भारतानं आपणहून चाचण्या थांबवल्या. म्हणजे त्या दिवसापासून ट्रॉम्बेची भिस्त बरीचशी कोडवर आली. ऑगस्ट २००९ मध्ये १९९८ च्या मोहिमेत डीआरडीओच्या बाजूनं समन्वय पाहणारे के. संथानम जाहीरपणे म्हणाले, की ११ मेचा थर्मोन्यूक्लिअर स्फोट अपेक्षेएवढा झाला नाही. अधिकृत आकडा ४५ किलोटनांचा होता. राजगोपाल चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी संथानम यांचं म्हणणं ठामपणे फेटाळलं. १९९८ मध्ये चिदंबरम अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते, काकोडकर बीएआरसीचे संचालक. भूकंपमापनाच्या नोंदी आणि खडकातल्या किरणोत्सारी पदार्थांचं मोजमाप अधिकृत आकड्याशी जुळतं, असं त्यांचं म्हणणं.

यात कोण बरोबर ते ठरवणारा मी कोणी नाही. माझ्याकडे ती माहिती नाही, आणि ज्यांच्याकडे आहे ते ती उघड करू शकत नाहीत. मला फक्त वादाचा आकार महत्त्वाचा वाटतो. दोन्ही बाजूंना जाणकार माणसं. मोजमाप एकदाच झालेलं. पुन्हा करून बघायची सोय नाही, आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर ती नसलेलीच बरी. मी नव्या चाचण्यांच्या बाजूचा नाही.

आम्हा नाशिककरांना हे समजायला गोदावरीला आलेला पूर पुरतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते मोबाईलवर येतं. पण जुनी माणसं पुलावर जाऊन दुतोंड्या मारुती बघतात. पाणी कमरेला आहे की छातीला? आकडा एकीकडे, मारुती दुसरीकडे. लिव्हरमोरच्या कोडला दर काही आठवड्यांनी मारुती बघायला मिळतो, आणि २०१२ मध्ये त्यानं साफ सांगितलं की आकडा चुकलाय. ते ऐकून घ्यायला दहा वर्षं लागली, पण ऐकलं. ट्रॉम्बेचा मारुती एकदाच दिसला, आणि पाणी कुठवर होतं यावरच वाद आहे. आपल्याकडे खुल्या विज्ञानात लहान मारुती आहेत. टीआयएफआरमध्ये जी. रवींद्र कुमार यांच्या गटानं २०१२ मध्ये तीव्र लेसरनं तयार केलेल्या प्लाझ्मातल्या चुंबकीय क्षेत्राची खळबळ प्रत्यक्ष मोजली, तेही कुलाब्यात, टेबलावर मावेल अशा लेसरनं. त्या शोधनिबंधात प्रयोग करणारे आणि सिम्युलेशन करणारे एकत्र आहेत, एकमेकांचे आकडे तपासताहेत. फ्यूजनच्या गोळीपेक्षा ते फार वेगळं काम आहे, पण सवय तीच.

हा भाग तयार करताना मी जुनी हार्ड डिस्क काढली. तो आलेख सापडला. फाईलचं नाव मीच ठेवलेलं: 'नको'. कोड पुन्हा चालवला, या वेळी ऑफिसच्या जुन्या मशीनवर, रविवारी, आणखी दुप्पट बारीक जाळीवर. सुरुवातीच्या काळात, म्हणजे लाट लहान असेपर्यंत, तिन्ही जाळ्यांचं उत्तर जवळजवळ सारखं येतं. नंतर ती वेगवेगळ्या वाटांनी जातात. म्हणजे माझ्या रिपोर्टमधला पहिला आलेख ठीक होता, मुखपृष्ठावरची छत्री नव्हती. 'कोणत्या वेळेपर्यंत बदलत नाही सर', एवढं त्या दिवशी म्हणालो असतो तर ते खरं उत्तर झालं असतं, आणि कदाचित मार्कही तेवढेच पडले असते.

बाहेरून आलेल्या सरांचा पत्ता माझ्याकडे नाही. म्हणून माझ्या गाईड सरांना मेल केला. तिन्ही आलेख जोडले, तोंडी परीक्षेत काय बोललो तेही लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलंय, कोड अजून चालतो का, चालत असेल तर तिन्ही जाळ्यांसकट पाठव, यंदाच्या मुलांना द्यायचाय. शनिवारी पाठवतोय. कमेंट आधी इंग्रजीत होत्या, त्या मराठीत करतोय.